पेल्याचे मोजमाप

पोलाद ही मोजमापातून जन्मणारी वस्तू आहे. झोतभट्टीत खनिज किती घालावयाचे, कोक किती, चुनखडी किती, वितळलेल्या रसाचे तापमान किती अंशांवर आणावयाचे आणि त्यातील कर्ब किती टक्क्यांवर ठेवावयाचा, या साऱ्यांचा हिशेब चुकला तर रूळ ठिसूळ होतो आणि त्या रुळावरून जाणाऱ्या गाडीचा घात होतो. भिलाईचा पोलाद कारखाना हा अशा काटेकोर हिशेबाचा एक मोठा संसार आहे. १९५५ साली सोव्हिएत संघराज्याशी या कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भातशेतीच्या प्रदेशात एक नगर उभे राहिले. छत्तीसगडी, वैदर्भीय, आंध्र, केरळीय, पंजाबी अशी नाना प्रांतांची माणसे तेथे पाळीच्या भोंग्यावर जगू लागली.

या माणसांच्या श्रमाचे मोजमाप झाले, वेतनाचे झाले, उत्पादनाचे झाले. परंतु पाळी संपल्यावर त्यांच्यापैकी कितीजण मद्य पितात, किती पितात आणि त्याचे त्यांच्या देहावर व घरावर काय परिणाम होतात, या गोष्टीचे मोजमाप फार उशिरा सुरू झाले. हा दोष एकट्या भिलाईचा नव्हे. साऱ्या देशातच मद्याविषयीची चर्चा दीर्घकाळ दोन टोकांवर चालली. एका टोकाला नीती आणि दुसऱ्या टोकाला महसूल. मद्यपान हे पाप आहे असे एक पक्ष म्हणे, आणि मद्यविक्री हे उत्पन्न आहे असे दुसरा पक्ष न बोलता जाणून असे. या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे मद्य हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे आणि त्याची तपासणी सार्वजनिक पैशाने, शास्त्रीय रीतीने व्हावयास हवी ही जाणीव, बराच काळ ओस होती.

छत्तीसगडपुरते बोलावयाचे तर या मोजमापाचे महत्त्व अधिकच आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या व्यसनोपचार केंद्राकडे एक देशव्यापी पाहणी सोपविली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन लाखांहून अधिक घरे आणि पावणेपाच लाखांच्या जवळपास माणसे एवढा तिचा व्याप होता. दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या भारतीयांपैकी १४.६ टक्के लोकांनी मागील वर्षभरात मद्य घेतले होते, म्हणजे सुमारे सोळा कोटी माणसे, असे तीत आढळले. राज्याराज्यांची प्रमाणे लावली तेव्हा छत्तीसगड ३५.६ टक्क्यांसह अग्रस्थानी आले. नुसते पुरुष घेतले तर त्या राज्यात शंभरांपैकी ५७ पुरुष मद्य घेणारे निघाले.

हा आकडा ऐकताच कोणाही सुज्ञ माणसाला खेद वाटेल. तथापि खेद वाटण्यापूर्वी तो आकडा कसा तयार झाला हे पाहणे अगत्याचे आहे. कारण याच राज्याविषयी सरकारचाच दुसरा एक आकडा उपलब्ध आहे. आरोग्य मंत्रालयाच्या वतीने मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेने केलेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, छत्तीसगडातील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी मद्य घेणारे सुमारे ३५ टक्के आढळले. एकच राज्य, दोन्ही वेळा पुरुषच, मध्ये अंतर अवघ्या दोनतीन वर्षांचे. आणि आकडे मात्र ५७ व ३५.

यांतला खरा कोणता? हा प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु त्याहून उपयुक्त प्रश्न असा की, दोहोंत फरक का पडावा? पहिली पाहणी केवळ मादक पदार्थांचीच होती. दुसरीत माता, बालके, लसीकरण, पोषण अशा शेकडो प्रश्नांच्या रांगेत मद्याचा प्रश्न उभा होता. पहिलीने वर्षभराचा काळ डोळ्यांपुढे ठेविला. दुसरीने माणसाला ‘तुम्ही मद्य घेता काय’ एवढेच विचारले. सणासुदीला किंवा लग्नकार्यात मोहाची दारू घेणारा माणूस पहिल्या प्रश्नाला ‘होय’ म्हणेल आणि दुसऱ्याला ‘नाही’ म्हणेल, आणि दोन्ही वेळा तो आपल्या समजुतीप्रमाणे खरेच बोलत असेल. शिवाय प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर विचारला की एकांतात, विचारणारा परका की ओळखीचा, यावरही उत्तर फिरते. सरकारी पाहणीतला कोणताही आकडा हा प्रश्न आणि उत्तर यांचा मिळून झालेला असतो. तो नुसता उचलून दुसऱ्याच्या अंगावर फेकण्याजोगा दगड नसतो.

जुन्या आकड्यांशी तुलना करतानाही हेच पथ्य पाळावे लागते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत फक्त पुरुषांचा समावेश होता. बारा ते साठ वर्षे वयाच्या पुरुषांपैकी २१.४ टक्के मद्य घेणारे तीत आढळले होते. २०१९ च्या अहवालात पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आहे. तेव्हा पंधरा वर्षांत व्यसन इतके वाढले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु पहिल्या आकड्यामागे मागील एका महिन्याचा हिशेब होता आणि दुसऱ्यामागे मागील वर्षाचा. पायली आणि शेर यांनी मापलेल्या धान्याची बेरीज करू नये, तसेच हे आहे. यातून एक धडा मात्र निघतो. एकदा पाहणी करून भागत नाही. तीच पाहणी, त्याच मापाने, ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करावी लागते. असे काम कोणत्याही खाजगी दात्याच्या उत्साहावर चालत नाही. त्याला सरकारी तिजोरीचा सातत्याचा आधारच लागतो.

पिणाऱ्यांची संख्या हा झाला प्रश्नाचा अर्धा भाग. पेल्यातून देहात काय जाते आणि तेथे त्याचे काय होते, हा दुसरा. शास्त्रज्ञ पेला मोजत नाहीत, त्यातील शुद्ध मद्यार्क मोजतात. विदेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशी बनावटीच्या व्हिस्कीत किंवा रममध्ये मद्यार्काचे प्रमाण बहुधा ४२.८ टक्के असते; तिच्या तीस मिलिलिटरांत सुमारे दहा ग्रॅम मद्यार्क भरतो. हे एक माप धरिले जाते. या हिशेबाने १८० मिलिलिटरांची बाटली, जिला बोलीत ‘पव्वा’ म्हणतात, म्हणजे साठ ग्रॅम. आठ टक्क्यांच्या कडक बिअरची मोठी बाटली म्हणजे चाळीस ग्रॅम. ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ हे वाक्य जे सहज उच्चारतात, त्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा. घरी गाळलेल्या मोहाच्या दारूचे माप तर याहून अवघड, कारण तिची कडकपणाची पातळी भट्टीभट्टीला बदलते.

देहात गेलेला मद्यार्क मुख्यतः यकृतात जळतो. यकृतातील एन्झाइमे त्याचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात रूपांतर करतात आणि मग त्याचे निरुपद्रवी द्रव्यात विघटन होते. या कामाची गती ठरलेली असते. साधारणतः तासाला सात ते दहा ग्रॅम. लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ किंवा कडक चहा यांपैकी कशानेही ती वाढत नाही. आता भिलाईसारख्या गावातील पाळीचा विचार करावा. रात्री अकराला एक पव्वा संपविणाऱ्या माणसाच्या रक्तातून तो मद्यार्क जावयास सहा ते साडेआठ तास लागतात. म्हणजे पहाटे उठून सकाळच्या पाळीला उभा राहणारा हा माणूस स्वतःच्या दृष्टीने शुद्धीवर असतो, परंतु त्याच्या रक्तात रात्र अजून सरलेली नसते. मद्यार्क देहातील पाणी मूत्रावाटे बाहेर घालवितो. भट्टीची धग तेच काम घामावाटे करते. वितळलेल्या धातूजवळ, क्रेनखाली, फिरत्या यंत्रांपाशी प्रतिक्रियेला क्षणभर विलंब होणे म्हणजे काय, हे कामगाराला सांगावे लागत नाही.

दीर्घकाळच्या परिणामांची यादी अधिक गंभीर आहे. यकृतात चरबी साठते, पुढे त्याला सूज येते आणि अखेरीस ते कठीण व आकसलेले होते, हाच सिरॉसिस. पहिली अवस्था मद्य सोडल्यास बव्हंशी परत फिरते, शेवटची फिरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला मनुष्यात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. नवी मुंबईतील टाटा स्मारक केंद्र केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अनुदानावर चालते. तेथील कर्करोग संशोधकांचा एक अभ्यास २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. गालाच्या आतील अस्तराचा कर्करोग झालेले १,८०३ रुग्ण आणि तो न झालेल्या १,९०३ व्यक्ती यांची त्यांनी तुलना केली. दिवसाला सुमारे नऊ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक माप, एवढ्या मद्यार्कानेही या रोगाची जोखीम जवळजवळ दीडपट होते, गावठी दारू घेणाऱ्यांत जोखीम अधिक दिसते, आणि चघळण्याच्या तंबाखूची जोड मिळाली की दोन्ही मिळून घात करतात, असे त्यात आढळले. दातांना गुडाखू लावण्याची सवय ज्या प्रदेशात घरोघर आहे, त्या छत्तीसगडाने हा निष्कर्ष विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे.

येथे एक शंका हमखास उपस्थित होते. थोडे मद्य हृदयाला हितकर असते, असे डॉक्टरच सांगत असत, त्याचे काय? ही समजूत निराधार जन्मली नव्हती. अनेक पाहण्यांत मुळीच न पिणाऱ्यांपेक्षा थोडे पिणाऱ्यांचे आरोग्य बरे दिसे. परंतु पुढे ध्यानात आले की, न पिणाऱ्यांच्या गटात पूर्वी भरपूर पिऊन आजारी पडल्यामुळे ज्यांनी मद्य सोडले अशी माणसेही मोजली गेली होती. आजाऱ्यांना निरोग्यांच्या रांगेत बसविले तर ती रांग अशक्त दिसणारच. शिवाय थोडे पिणारे लोक पुष्कळदा अधिक सुस्थितीतले, चांगले अन्न खाणारे आणि वेळेवर उपचार घेणारेही असत. हे दोष काढून टाकल्यावर तो लाभ बहुतांशी विरघळला. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टपणे जाहीर केले की, आरोग्याला निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही.

ही समजूत तपासण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला आणि त्याची कथा संशोधनाच्या पैशाविषयी पुष्कळ काही शिकविते. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या छत्राखाली सुमारे ७,८०० माणसांवर प्रयोग करण्याचे ठरले. एका गटाने रोज एक माप मद्य घ्यावे, दुसऱ्याने घेऊ नये आणि हृदयविकाराचे प्रमाण पाहावे, अशी योजना होती. संस्था सरकारी, शास्त्रज्ञ नामवंत. परंतु दहा कोटी डॉलरांच्या खर्चाचा मोठा वाटा मद्य तयार करणाऱ्या कंपन्यांकडून यावयाचा होता. चौकशीत असे निघाले की, सरकारी अधिकाऱ्यांनीच हा पैसा मिळविण्यासाठी कंपन्यांशी बोलणी केली होती, आणि प्रयोगाची आखणी अशी होती की लाभ दिसावा, परंतु कर्करोगासारखी हानी दिसण्यास पुरेसा वाव राहू नये. जून २०१८ मध्ये तो प्रयोग थांबविण्यात आला. ‘सरकारी’ ही मुद्रा पुरेशी नाही. थैलीची दोरी कोणाच्या हाती आहे हे पाहावे लागते, असा याचा अर्थ.

हा विचार आपल्या देशाला लागू करताना एक अधिकच नाजूक प्रसंग उभा राहतो. अमेरिकेत विक्रेता आणि सरकार हे दोन निराळे पक्ष होते. छत्तीसगडात १ एप्रिल २०१७ पासून मद्याची किरकोळ विक्री राज्य सरकारच्या स्वतःच्या महामंडळामार्फत होऊ लागली. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने आरोग्यास अपायकारक अशा मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यावर सोपविले आहे. कर्तव्य सांगणारा, कर घेणारा, दुकान चालविणारा आणि दवाखाना उघडणारा, असे चारही जण एकाच वाड्यात नांदतात. दुकान सरकारी झाल्याने विषारी दारूचा धोका आणि ठेकेदारांची दांडगाई कमी होते, असा युक्तिवाद केला जातो आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. परंतु ज्याच्या गल्ल्यात पैसा पडतो त्यानेच पिणाऱ्याची प्रकृतीही तपासावी, हा हितसंबंधांचा पेच त्यामुळे सुटत नाही. म्हणूनच मोजणारा हात विकणाऱ्या हातापासून दूर असावा लागतो. संशोधनाला पैसा सरकारनेच द्यावा, परंतु प्रश्न ठरविण्याचे, उत्तरे तपासण्याचे आणि निष्कर्ष जसेच्या तसे छापण्याचे स्वातंत्र्य शास्त्रज्ञांपाशी असावे.

या संशोधनातून निघालेला सर्वांत कटू आकडा पिणाऱ्यांचा नाही, तो उपचारांचा आहे. २०१९ च्या अहवालानुसार देशात मद्यावाचून ज्यांचे चालत नाही असे सुमारे २.९ कोटी लोक आहेत आणि त्यांच्यापैकी अडतिसांतून एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचे आढळले. त्याआधी २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने बारा राज्यांत पाहणी केली होती आणि त्यांत छत्तीसगडही होते. मद्याच्या विकाराने ग्रासलेल्या शंभरांपैकी ८६ जण उपचाराविना असल्याचे तीत दिसून आले. मापे निराळी असली तरी दोन्ही पाहण्या एकच गोष्ट सांगतात. दुकान गावात आहे, दवाखाना गावात नाही.

मोजमापाचे पुढे काय करावयाचे, याचे एक उदाहरण भिलाईच्या जवळच आहे. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहरा येथील खाणकामगारांनी १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली आपली संघटना उभारली. लढ्याने मजुरी वाढली, आणि वाढलेली मजुरी दारूच्या दुकानाकडे वाहू लागली. हा हिशेब कोणत्याही शास्त्रज्ञाने मांडून दिला नव्हता. तो घरातल्या स्त्रियांनी मांडला. संघटनेने दारूमुक्तीला आपल्या लढ्याचाच भाग मानिले, शपथा झाल्या, मोहल्ल्यामोहल्ल्यांत बैठका झाल्या, स्त्रिया पुढे आल्या आणि हजारो कामगारांनी दारू सोडली. १९७७ च्या गोळीबारात पडलेल्या अकरा सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ ३ जून १९८३ रोजी त्यांनी स्वतःच्या वर्गणीने व श्रमाने उभारलेले शहीद रुग्णालय सुरू झाले. नियोगी यांची १९९१ साली भिलाईतच हत्या झाली. परंतु उपदेशाने जे साधत नाही ते आपल्याच मजुरीचा हिशेब उमगल्याने साधते, हा त्या मोहिमेचा बोध टिकून राहिला.

छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्याने याच दिशेने आणखी पाऊल टाकिले. तेथे लोकांच्या दीर्घ चळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी झाली. केवळ बंदीने सारे होत नाही हे ओळखून २०१६ पासून महाराष्ट्र शासन, टाटा ट्रस्ट आणि डॉ. अभय व राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम हाती घेतला. पाहणी, गावसंघटन, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसनोपचार ही चार अंगे त्यात एकत्र बांधलेली आहेत. गोव्यात तर याहून साधा प्रयोग झाला. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना थोड्या प्रशिक्षणाने तयार केलेल्या सामान्य समुपदेशकांनी काही बैठकांत सल्ला दिला. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या प्रमाणाबाहेर आले. नेहमीचाच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. अंतर दहा टक्क्यांचे, परंतु त्यासाठी मोठे रुग्णालय लागले नाही, मानसोपचारतज्ज्ञ लागला नाही. या प्रयोगाचा पैसा परदेशी न्यासाचा होता. तो सरकारी अंदाजपत्रकात का नसावा, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

मद्याचे संशोधन म्हणजे पिणाऱ्याची झडती नव्हे. आदिवासी समाजात मोहाची दारू देवाला वाहिली जाते, जन्ममरणाच्या प्रसंगी वाटली जाते. कायद्यानेही घरगुती वापरासाठी ती मर्यादित प्रमाणात गाळण्याची मुभा त्यांना ठेविली आहे. तिच्याकडे तुच्छतेने पाहणारा प्रश्नकर्ता खरे उत्तर घेऊन परतणार नाही. ज्याला मोजावयाचे त्याचा विश्वास मिळविणे ही या शास्त्राची पहिली पायरी, आणि मोजून झाल्यावर त्याच्या दारी काही उपयोगाचे घेऊन जाणे ही शेवटची. पहिली चुकली तर आकडा खोटा ठरतो, आणि शेवटची चुकली तर खरा आकडाही निरर्थक होतो. भिलाईच्या कामगाराने देशासाठी रूळ घडविले आहेत. त्याच्या यकृताची व त्याच्या घरच्यांच्या झोपेची विचारपूस देशाने आपल्या खर्चाने आणि विक्रीचा हिशेब बाजूला ठेवून करावी, ही अपेक्षा काही फार मोठी म्हणता येणार नाही.